नळ्यांचा सांगाडा आणि सांध्याची परीक्षा

स्वतःच्या हातांनी मोटारगाडी बांधावी अशी इच्छा अनेक तरुणांच्या मनात उद्भवते. आणि ती अगदीच असाध्य आहे असे नाही. इंग्लंडमध्ये रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली एक पुस्तक प्रसिद्ध करून, अवघ्या अडीचशे पौंडांत दोन माणसांची छोटी गाडी कशी बांधावी हे सांगितले. गाडीची घडण कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हन या गाडीवरून सुचलेली. एंजिन, आस इत्यादी भाग जुन्या गाडीतून काढून घ्यावयाचे. आणि सांगाडा मात्र २५ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी पोलादी नळ्या कापून, एकमेकींस वेल्डिंगने जोडून स्वतः तयार करावयाचा. हे पुस्तक वाचून पुष्कळ हौशी लोकांनी आपापल्या पडवीत अशा गाड्या बांधल्या.

आता विचार करा. चालत्या गाडीचे एंजिन बंद पडले तर गाडी थांबते. दिवा विझला तर ती हळू चालवावी लागते. परंतु ज्या सांध्याने पुढच्या चाकाचा आधार सांगाड्यास जोडलेला असतो, तोच सांधा वेगात असताना सुटला, तर चालकास काही करण्यास अवधीच उरत नाही. अशा सांगाड्यात शेकडो लहानमोठे सांधे असतात, आणि त्यांपैकी प्रत्येक कोणा तरी माणसाच्या हाताने केलेला असतो. यास्तव ‘सांधा पक्का आहे हे कशावरून?’ हा प्रश्न गाडी बांधणाराने सर्वांआधी स्वतःस विचारला पाहिजे. याच प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात क्रमाने करणार आहोत.

१. बळकटी आधी आकृतीत

बांबूच्या चार सारख्या कामट्या घ्या, टोकांना टाचण्या टोचून त्यांचा चौकोन करा आणि एका कोपऱ्यास बोटाने रेटा द्या. चौकोन तत्काळ कलंडून समभुज तिरकस आकृती होईल. आता पाचवी कामटी कर्णाच्या जागी बसवा. तीच चौकट आता हलणार नाही. याचे कारण भूमितीत आहे: तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचे कोन ठरतात, चौकोनाचे ठरत नाहीत.

चौकोनी चौकट कलंडू नये म्हणून सर्व भार कोपऱ्यांतील सांध्यांना वाक सोसून पेलावा लागतो. त्रिकोणी चौकटीत प्रत्येक नळी केवळ ओढली किंवा दाबली जाते, आणि सांध्यावर वाकवणारे बळ फारच थोडे येते. हा भेद किती मोठा आहे ते गणिताने पाहू.

२५ मिलिमीटर बाजूची आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची चौकोनी नळी घ्या. तिच्या आतल्या पोकळीची बाजू २१.८ मिलिमीटर. बाहेरचे क्षेत्रफळ ६२५ आणि आतले सुमारे ४७५. म्हणजे प्रत्यक्ष पोलाद सुमारे १५० चौरस मिलिमीटर. या नळीस १,००० न्यूटन बळाने, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाने, सरळ ओढले तर दर चौरस मिलिमीटरास अवघे ७ न्यूटन येतात. या प्रमाणास शास्त्रीय भाषेत प्रतिबल म्हणतात. तीच नळी भिंतीतील खुंटीप्रमाणे एका टोकास सांधून आडवी ठेवली, आणि अर्ध्या मीटरावर तेच १०० किलो वजन टांगले, तर सांध्यापाशी प्रतिबल सुमारे ४५५ न्यूटन होते. वजन तेच, नळी तीच. परंतु भार जवळजवळ सत्तरपट! साधे पोलाद सुमारे २५० न्यूटनांस कायमचे वाकू लागते. तेव्हा ही नळी वाकणार हे उघड आहे. तीच आडवी नळी खालून ४५ अंशांच्या तिरकस नळीने टेकविली, तर त्या तिरकस नळीत प्रतिबल सुमारे ९ ते १० न्यूटन इतकेच येते.

तात्पर्य, सांध्याची पहिली बळकटी वेल्डरच्या हातात नसून आराखडा काढणाराच्या पेन्सिलीत आहे. मर्सिडीझ कंपनीच्या ३०० एसएल या गाडीची कथा याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९५२ साली शर्यतीसाठी तिचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांनी बांधला. हे त्रिकोण पुरेसे ताठ व्हावेत म्हणून बाजूच्या नळ्या इतक्या उंच न्याव्या लागल्या की नेहमीच्या दारास जागाच उरली नाही. म्हणून दारे छताकडून वर उघडणारी केली. लोकांनी त्या दारांची पक्ष्याच्या पंखांसारखी शोभा पाहिली. परंतु ती मुळात शोभेसाठी नव्हती. नळ्यांचे त्रिकोण मोडावयाचे नाहीत, असा तेथील अभियंत्यांचा निश्चय होता.

यावरून आणखी एक नियम निघतो. चाकांचे बाहू, आसन-पट्टे, एंजिन यांचे आधार नळीच्या मध्यावर जोडू नयेत. जेथे अनेक नळ्या एकत्र येतात तेथे किंवा त्याच्या अगदी निकट जोडावेत. पातळ नळीच्या सपाट अंगावर पट्टीचा तुकडा नुसता उभा जोडला, तर वेल्डिंग उत्तम असूनही नळीचा पत्रा आतबाहेर होऊन सांध्याच्या कडेने फाटतो. अशा ठिकाणी आधी रुंद पत्रा जोडून भार पसरवावा लागतो.

२. चिकटणे आणि एकजीव होणे

आपल्या गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव करताना लोखंडी पट्टीची दोन टोके भट्टीत पांढरी होईतो तापवितो, एकमेकांवर ठेवतो आणि घणाने ठोकून एक करतो. येथे लोखंड वितळत नाही. मऊ होऊन दाबाने मिळून जाते. तांबट भांड्यास डाख देतो तेव्हा भांड्याचा धातू घनच राहतो. डाख तेवढी वितळते आणि दोन कडांना धरून राहते. वेल्डिंगची रीत या दोहोंहून निराळी. येथे विजेच्या ठिणगीने किंवा वायूच्या ज्योतीने दोन्ही नळ्यांच्या कडा प्रत्यक्ष वितळतात, त्यात रॉडचा किंवा तारेचा धातू मिसळतो, आणि तिघांचे मिळून एकच तळे होते. ते थिजले की सांधा तयार होतो.

हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण वाईट वेल्डिंगचा सर्वांत घातक दोष म्हणजे वेल्डिंग करण्याच्या नावाखाली डाख देणे. रॉड वितळला, धातू कोपऱ्यात पडला, वर सुंदर ओळही उमटली. परंतु खाली नळीची कड वितळलीच नाही. असा धातू नळीस चिकटलेला असतो, एकजीव झालेला नसतो. वरून पाहणारास या दोहोंतील फरक बहुधा कळत नाही.

नळ्यांचे सांधे करण्याची ही विद्या मोटारींच्या आधी विमानांनी वाढविली. पहिल्या महायुद्धात फोकर यांच्या कारखान्यात विमानांचे अंग पोलादी नळ्या वायूच्या ज्योतीने जोडून करीत असत. १९१८ सालचे प्रसिद्ध फोकर डी-सात हे विमान त्याच पद्धतीचे; आणि त्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते राइनहोल्ड प्लाट्झ मूळचे वेल्डरच होते. आज हौशी कारागीर मुख्यतः तीन साधने वापरतात. रॉडचे साधे आर्क वेल्डिंग स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे. परंतु दीड मिलिमीटरच्या पत्र्यास ते सहज भोक पाडते. आपोआप पुढे सरकणारी तार आणि भोवती वायूचे आवरण, ज्यास आपल्याकडे सीओटू वेल्डिंग म्हणतात, ते पातळ नळ्यांस सोयीचे. परंतु त्याची ओळ वरून चांगली दिसत असता आतून चिकटलेलीच राहण्याचा धोका त्यात विशेष. आर्गॉन वेल्डिंगमध्ये वितळलेले तळे डोळ्यांसमोर स्पष्ट दिसते, म्हणून ते सर्वांत शुद्ध होऊ शकते. तथापि ते मंद आहे आणि हातास फार सवय मागते. साधन कोणतेही असो, प्रश्न एकच: दोन्ही कडा वितळल्या काय?

३. धातू बलवान, मग सांधा का तुटतो?

रॉडच्या पुडक्यावर ६०१३ अशी संख्या असते. तिचे पहिले दोन आकडे त्या धातूचे बळ सांगतात: दर चौरस इंचास ६०,००० पौंड, म्हणजे दर चौरस मिलिमीटरास सुमारे ४१५ न्यूटन. सीओटू वेल्डिंगची नेहमीची तार ७० आकड्याची, म्हणजे सुमारे ४८० न्यूटनांची. साधे पोलाद तुटते सुमारे ४१० न्यूटनांस. अर्थात भरलेला धातू नळीच्या तोडीचा किंवा तिच्याहून सरसच असतो.

नळीचे बळही थोडे नाही. वर काढलेल्या १५० चौरस मिलिमीटरांस २५० न्यूटनांनी गुणले तर ३७,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३,८०० किलो वजन होते. ही गाडी पाच-सहाशे किलोंची धरली, तर सरळ ओढीत एकच नळी अशा सहा गाड्या तोलून धरील! मग सांधे तुटतात ते कशाने? कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिले कारण, कडा न वितळणे. चौकोनी नळीच्या चार बाजूंपैकी एका बाजूस धातू नुसता चिकटला, तर पाव सांधा गेलाच. शिवाय उरलेल्या तीन बाजूंवर भार एकीकडे झुकून वाक उत्पन्न करतो.

दुसरे कारण, कडेची चर. प्रवाह फार तीव्र ठेवला किंवा हात फार वेगाने चालविला म्हणजे ओळीच्या काठाने नळीचा पत्रा खाल्ला जातो आणि तेथे चर पडते. अर्धा मिलिमीटर चर ही जाड तुळईत क्षुल्लक, परंतु १.६ मिलिमीटरच्या नळीत पत्र्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा झाला असे समजावे.

तिसरे कारण, ओळ लहान असणे. कोपऱ्यात भरलेल्या धातूचा छेद काटकोन त्रिकोणासारखा असतो. त्याची खरी जाडी म्हणजे काटकोनाच्या शिरोबिंदूपासून कर्णावर टाकलेला लंब. दोन्ही बाजू २ मिलिमीटरच्या असतील तर हा लंब १.४ मिलिमीटरच भरतो, म्हणजे नळीच्या पत्र्याहून कमी. लंब १.६ व्हावयास बाजू सुमारे २.३ हवी. उलटपक्षी, ओळ जितकी मोठी तितकी बळकट ही समजूतही चुकीची. वाजवीपेक्षा अधिक धातू ओतल्याने नळीस नको इतकी उष्णता मिळते, ती वाकडी होते आणि लाभ काहीच होत नाही.

चौथे कारण, अस्वच्छता. गंज, रंग, तेल ही वितळलेल्या तळ्यात शिरली की वायू होऊन धातूत बुडबुडे राहतात. ओला रॉड आणि पंख्याचा वारा यांनीही हाच अनर्थ होतो. कारण वारा संरक्षक वायू उडवून देतो.

पाचवे कारण, कापणीतील आळस. दोन नळ्या एकमेकींस बरोबर भिडल्या पाहिजेत. तीन मिलिमीटरांची फट धातू ओतून बुजविता येते, पण तो सांधा नव्हे, ते लिंपण होय. चांगला कारागीर वेल्डिंगपेक्षा कानशीवर अधिक वेळ घालवितो.

सहावे कारण, देखणेपणाचा मोह. ग्राइंडर फिरवून ओळ सपाट आणि चकचकीत केली म्हणजे काम सुबक दिसते. परंतु ज्या धातूवर सांध्याची भिस्त होती तोच घासून टाकलेला असतो. ओबडधोबड ओळ लपविण्यासाठी तर ग्राइंडर कधीच वापरू नये; ती कापून नव्याने करावी.

४. धातूचा थकवा

यापुढे जे सांगावयाचे ते सर्वांत महत्त्वाचे आहे. वरील दोष असलेला सांधा पहिल्या दिवशी तुटतोच असे नाही. एखादी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. पण मागेपुढे पुष्कळदा वाकविली तर तुटते. यास धातूचा थकवा म्हणतात. गाडीच्या चाकाचा परीघ १.८ मीटर धरला तर एका किलोमीटरात ते साडेपाचशेंहून अधिक फेरे घेते. हजार किलोमीटरांत साडेपाच लाख. रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक वळण, ब्रेकचा प्रत्येक दाब सांध्यावर लहानसा हेलकावा देऊन जातो. दोष असेल तेथे केसासारखी चीर सुरू होते आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी किंचित पुढे सरकते.

वेल्डिंगच्या सांध्यांविषयी अनुभवाने ठरलेला स्थूल नियम असा की हेलकाव्याचे प्रतिबल दुप्पट झाले तर आयुष्य निम्मे न होता आठवा हिस्सा होते. कारण ते घनाच्या प्रमाणात घटते. याची दुसरी बाजू आशादायक आहे: तिरकस नळी घालून प्रतिबल निम्मे केले तर तोच सांधा आठपट टिकतो.

येथे पुष्कळांची एक भ्रामक कल्पना दूर केली पाहिजे. अधिक महाग, अधिक बलवान पोलादाची नळी घेतली म्हणजे सांधाही तितकाच अधिक टिकेल असे वाटते. एकदाच येणाऱ्या मोठ्या भारापुरते ते खरे आहे. परंतु थकव्याच्या बाबतीत वेल्डिंग केलेल्या सांध्याचे आयुष्य पोलादाच्या बळावर जवळजवळ अवलंबून नसते. चीर निघते ती ओळीच्या काठावरील बारीक चरेपासून, आणि ती चर स्वस्त व महाग पोलादात सारखीच असते. शिवाय क्रोम-मॉलिब्डेनम मिश्रित बलवान नळ्यांत, सांधा झटकन थंड झाला तर ओळीलगतचा पट्टा कठीण व ठिसूळ होण्याची भीती असते. तापलेल्या सांध्यावर पाणी तर कधीच ओतू नये.

थकव्याचा एक भयंकर दाखला इतिहासात नमूद आहे. नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात तेलविहिरींवरील कामकऱ्यांच्या निवासासाठी अलेक्झांडर कीलांड नावाचा तरंगता मंच होता. त्याचे पाय अवाढव्य पोलादी नळ्यांनी एकमेकांस जोडलेले होते. त्यांपैकी अडीच मीटरांहून अधिक व्यासाच्या एका नळीस पाण्यातील आवाज टिपणाऱ्या यंत्राचा लहानसा आधार जोडला होता. त्याच्या वेल्डिंगची ओळ अवघी ६ मिलिमीटरची. यंत्र क्षुल्लक, म्हणून त्याचा सांधाही क्षुल्लक मानला गेला. त्या ओळीपासून चीर निघाली आणि लाटांच्या हेलकाव्यांनी मुख्य नळीत पसरत गेली. २७ मार्च १९८० रोजी वादळात ती नळी तुटली. मागोमाग त्याच पायाच्या उरलेल्या पाच नळ्या तुटल्या, पाय निखळला आणि मंच उलटला. २१२ माणसांपैकी १२३ मृत्युमुखी पडली. पुढे चौकशीत तुटलेल्या भागाच्या चिरेत रंगाचे अंश सापडले. म्हणजे मंचास रंग देण्याच्या वेळीच, समुद्रात जाण्यापूर्वीच, चीर तेथे होती. रंगाने ती झाकली गेली.

हौशी मोटार बांधणाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कोणताही सांधा किरकोळ नाही: नंबराची पाटी किंवा तारेची कडी बसविण्यासाठी मुख्य नळीवर केलेला ठिपका ही देखील चिरेची सुरुवात होऊ शकते. आणि रंग हा तपासणीनंतर द्यावयाचा, आधी नव्हे.

शर्यतीच्या गाड्या बांधणारे जाणते लोक ही सावधगिरी कशी घेतात पाहा. पोर्शे कंपनीच्या १९६९ सालच्या ९१७ या गाडीचा सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा होता. त्याच्या नळ्यांत दाबाखाली वायू भरून ठेवीत. कोठेही सांध्यास चीर पडली की वायू निसटून दाब उतरे, आणि संकट कळून येई. ज्यांच्यापाशी उत्तम कारागीर होते त्यांनीही आपल्या सांध्यांवर आंधळा विश्वास ठेवला नाही.

५. मोडून पाहणे

मग आमच्यासारख्या साध्या माणसाने सांध्याची परीक्षा कशी करावी? याचे उत्तर विद्यार्थ्यांच्याच एका स्पर्धेत सापडते. अमेरिकेत १९७६ साली बाहा या नावाची स्पर्धा सुरू झाली. तीत महाविद्यालयांतील विद्यार्थी खडबडीत रानातून धावणारी लहान गाडी स्वतः बांधतात. आपल्या देशातही ती भरते. मध्य प्रदेशातील पिथमपूर येथील चाचणी-मार्गावर महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आपल्या गाड्या घेऊन उतरलेले आहेत. या स्पर्धेच्या नियमांतील एक नियम फार शहाणपणाचा आहे. चालकाचे रक्षण करणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्यावर जो कोणी वेल्डिंग करील, त्याने त्याच नळीचे, त्याच साधनाने, दोन नमुने स्वतः केले पाहिजेत.

पहिला नमुना काटकोनी सांध्याचा. तो ओढून किंवा वाकवून मुद्दाम मोडावयाचा. नळी फाटली आणि वेल्डिंग शाबूत राहिले तर कारागीर उत्तीर्ण. वेल्डिंग सुटले तर अनुत्तीर्ण. दुसरा नमुना ३० अंशांच्या तिरकस सांध्याचा. तो लांबीने कापून, धातू आत सर्वत्र सारखा भिनला आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावयाचे.

हीच परीक्षा आपल्या कार्यशाळेत सहज करता येते. नमुना शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, घट्ट धरा. मोकळ्या नळीवर लांब पाइप चढवून ती मोडेतो वाकवा. तुटलेला पृष्ठभाग नीट पाहा. कड जशीच्या तशी, करवतीच्या खुणांसह दिसत असेल, तर ती वितळलीच नव्हती. दुसरा नमुना कापून, कानस व पॉलिश कागदाने गुळगुळीत करा आणि विज्ञानशिक्षकांच्या हस्ते अल्कोहोलात मिसळलेल्या अत्यल्प नायट्रिक आम्लाने पुसा. वितळलेला भाग, तापलेला पट्टा आणि मूळ नळी ही तिन्ही निरनिराळ्या छटांत उमटतात. कागदावरच्या कोणत्याही वर्णनापेक्षा हे एक दर्शन अधिक शिकविते.

बांधून झालेला सांगाडा मात्र मोडून पाहता येत नाही. त्यासाठी रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी वापरीत ती तेल-खडूची रीत उपयोगी पडते. सांध्यावर पातळ तेल किंवा रॉकेल लावा, काही वेळ मुरू द्या, कोरडे पुसून घ्या आणि खडूची पूड फासा. चीर असेल तेथे मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. आता याच तत्त्वावर लाल रंगाचे द्रव बाजारात मिळते. गाडी चालू लागल्यावरही ही तपासणी वेळोवेळी करीत राहावे; कारण थकवा पुढेच येणार असतो.

६. कामाचा क्रम

जाड व सपाट फळीवर आराखडा पूर्ण मापाने काढावा. नळ्या कापून, कानसून, लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने रेषांवर बसवाव्यात. प्रथम फक्त टाके मारावेत; संपूर्ण सांगाडा टाक्यांनी उभा राहीपर्यंत एकही सांधा पुरा करू नये. मग गुण्या लावावा आणि कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्णही सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनी आहे, हे भूमितीत आपण शिकलोच आहोत. थिजताना धातू आकसतो आणि नळीस आपल्याकडे ओढतो; म्हणून एका बाजूचा सांधा केला की पुढचा समोरच्या बाजूस करावा, एकाच कोपऱ्यात सलग करीत जाऊ नये. ज्या दिवशी काम करावयाचे त्या दिवशी आरंभी एक नमुना करून मोडावा. हात आणि यंत्र दोन्ही दररोज सारखी नसतात.

पालकांस दोन शब्द. असे काम मुलामुलींनी करूच नये असे आम्ही म्हणत नाही. उलट भूमिती, पदार्थविज्ञान आणि हस्तकौशल्य एकत्र शिकविणारे असे काम विरळा. परंतु ते जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच व्हावे. वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास डोळे भाजतात; काळ्या काचेचा मुखवटा, कातडी हातमोजे व सुती जाड कपडे अवश्य हवेत. जस्त चढविलेल्या नळीचा धूर श्वासावाटे आत गेल्यास ताप भरतो, म्हणून जस्त आधी काढून काम मोकळ्या हवेत करावे. जवळ पेट्रोल किंवा रिकामी पेट्रोलची टाकीही नसावी. आणि अशी गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हे आधीच समजून असावे. मुलाने सांगाडा दाखविला तर ‘ओळ किती सुरेख आली!’ एवढेच म्हणू नये. ‘मोडलेला नमुना दाखव’ असे म्हणावे. त्यात अविश्वास नाही. ज्या गाडीत तो स्वतः बसणार, आणि कदाचित आपल्या धाकट्या भावंडास बसविणार, तिच्याविषयीची ती काळजी आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाहेरची बाजू २५ मिलिमीटर व पत्र्याची जाडी २ मिलिमीटर असलेल्या चौकोनी नळीत पोलादाचे क्षेत्रफळ किती?
२. १.६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यास ०.४ मिलिमीटर चर पडली, तर जाडीचा कितवा हिस्सा गेला?
३. हेलकाव्याचे प्रतिबल एक तृतीयांश केले, तर सांध्याचे आयुष्य सुमारे किती पट होईल?
४. १,२०० मिलिमीटर लांब व ५०० मिलिमीटर रुंद चौकट काटकोनी असेल, तर तिचा कर्ण किती भरला पाहिजे?
५. घरातील खुर्ची, सायकल आणि पाण्याच्या टाकीचा मनोरा यांत त्रिकोण कोठे आहेत, आणि जेथे नाहीत तेथे वाक कोणता सांधा सोसतो, ते पाहून लिहा.

उत्तरे: (१) १८४ चौरस मिलिमीटर. (२) चौथा. (३) २७ पट. (४) १,३०० मिलिमीटर. पाचव्याचे उत्तर ज्याने त्याने पाहून द्यावयाचे आहे.